शाळेसाठी शेळ्या: पन्नासचा गोठा बांधण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडवणी तालुक्यात तुमच्या संस्थेची विनाअनुदानित निवासी शाळा आहे. ८० मुलं, बहुतेक ऊसतोड कामगारांची. आई-वडील दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. शाळेकडे दोन एकर मुरमाड जमीन आणि एक बोअर आहे. एक दाता ५ लाख रुपये एकदाच द्यायला तयार आहे, पण त्यातून कायमचं उत्पन्न उभं राहिलं पाहिजे अशी त्याची इच्छा आहे. तुमच्या मनात ५० शेळ्या, दोन बोकड, बंदिस्त गोठा आणि ३०० कोंबड्या आहेत, आणि त्यातून दोन शिक्षकांचा पगार निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

पगार निघणार नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण पगार दर महिन्याच्या १ तारखेला लागतो आणि शेळी वर्षातून एक-दोनदाच पैसा देते. मध्येच साथ आली तर तेवढाही देत नाही. शिक्षकाच्या घरची चूल अशा पैशावर ठेवू नये. पण शेळ्या पाळूच नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. शाळेला शेळ्यांचा आधार होतो, चांगला होतो. फक्त तो आधार कोणत्या खर्चाला जोडायचा आणि शेळ्या कुणाच्या दारात बांधायच्या, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. जात कोणती, गोठा केवढा, हे त्यानंतर.

मी कळंब-वाशी भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर एका निवासी शाळेच्या शेळ्यांचं काम बघतो. खाली सांगतोय ते त्या अनुभवातून. तुमच्याकडचं पाणी, गायरान आणि माणसं वेगळी असतील, तिथे आकडे बदलतील.

आधी ५० शेळ्यांचा हिशोब मांडू. चांगली, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची उस्मानाबादी शेळी ९ हजारांना धरली तरी ५० शेळ्यांचे साडेचार लाख होतात. म्हणजे शेळ्या आणल्या की गोठ्याला पैसा नाही, आणि गोठा बांधला की शेळ्या निम्म्याच. समजा ते कसंही जमलं. उस्मानाबादी जुळी देते, दोन वर्षांत तीन वेतं देऊ शकते, हे खरं आहे. पण सगळ्या शेळ्या वेळेवर गाभण राहत नाहीत, काही गाभडतात. नव्या कळपात वर्षाला ८० करडं जन्मली तर चांगलंच म्हणायचं. त्यातली १५ दगावतील असं धरा. उरलेल्या ६५ मधून आठ-नऊ पाठी (मादी करडं) कळपात ठेवल्या तर विकायला ५६ राहतात. सरासरी ७ हजारांनी ३ लाख ९० हजार रुपये आले.

आता खर्च. एवढ्या कळपाला एक पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ माणूस लागतो, कारण शेळ्यांना रविवार नसतो आणि दिवाळीची सुट्टीही नसते. १२ हजार आणि ६ हजार महिना धरले तर वर्षाला २ लाख १६ हजार मजुरीचे गेले. गाभण आणि दुभत्या शेळ्यांना व करडांना खुराक द्यावाच लागतो, तो लाखाच्या घरात जातो. दोन एकरांत हिरवा चारा झाला तरी सुका चारा विकत घ्यावा लागेल, ६०-७० हजार. औषधं, विमा, वीज मिळून ३० हजार. बेरीज ४ लाखांच्या वर जाते. म्हणजे वर्षभर सगळ्या शाळेनं जीव टाकायचा आणि हातात काहीच पडायचं नाही.

मग शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला पाच शेळ्या कशा परवडतात? कारण तिथे मजुरी धरलेलीच नसते. घरातली म्हातारी बांधानं शेळ्या फिरवते, सून येता येता शेवरीचा पाला आणते, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं पोटात जातं. शेळी परवडते ती घरच्या माणसाच्या हाताला बांधलेली असते म्हणून. शाळेकडे तसा हात नाही. शाळेकडे पगारी माणूस आहे, किंवा मुलं आहेत. आणि मुलांना या कामाला लावायचं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

म्हणून माझा सल्ला असा: शेळ्या शाळेच्या मालकीच्या असू द्या, पण शाळेच्या आवारात नकोत. त्या अर्धलीनं द्या. आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे, कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. शेळी मालकाची, सांभाळ दुसऱ्याचा, करडं निम्मी-निम्मी. दूध आणि लेंडीखत सांभाळणाऱ्याचं.

३० शेळ्या १५ घरांत, दोन-दोन. एकटी शेळी ओरडत राहते, सोबत असली की चांगली चरते, म्हणून दोनच द्या. मजुरी नाही, गोठा नाही, रोजचा चारा नाही. शेळीमागे वर्षाला दीड करडू जगलं तर ४५ करडं होतात. शाळेच्या वाट्याला २२ येतील. त्यातल्या तीन-चार चांगल्या पाठी म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी ठेवल्या तर १८-१९ विकायला मिळतात. साडेसहा हजारांनी १ लाख २० हजार. पशुसखीचं (शेळ्यांची देखरेख करायला शिकवलेल्या गावातल्याच बाईचं) मानधन, लसी, जंतनाशक, विमा यांचे ३०-३५ हजार वजा केले की ८५-९० हजार शाळेला राहतात. तेवढीच करडं त्या १५ घरांतही जातात, म्हणजे घराला ९-१० हजारांचा माल आणि नातवाला सुट्टीत दूध. पहिली विक्री व्हायला मात्र सव्वा वर्ष तरी लागेल. तोवर एक रुपयाही येणार नाही, हे दात्याला आत्ताच सांगून ठेवा.

म्हणजे कमी शेळ्या, कमी भांडवल आणि हातात जास्त पैसा. ५ लाखांतले ३० शेळ्या आणि तीन बोकडांना साधारण ३ लाख ६ हजार जातील. विमा, कानात मारायचे बिल्ले, लसी, वजनकाटा यांना ४० हजार. कोंबड्यांना ६० हजार. उरलेले ९४ हजार बँकेत स्वतंत्र ठेवा, ते दुसऱ्या उन्हाळ्यासाठी. त्यांना त्याआधी हात लावायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचे पालक तर सहा महिने गावातच नसतात. बरोबर. म्हणूनच शेळी आई-बापाला नाही, आजीला द्यायची. ज्या घरात आजी-आजोबा मागे राहतात ती घरं निवडा. गावातल्या एकल महिलांची घरं घ्या, त्यांची मुलं तुमच्या शाळेत असोत वा नसोत. जे जोडपं कारखान्यावर जाणार आणि घराला कुलूप लागणार, त्यांना शेळी देऊ नका. फडात शेळी नेली तर तिची लस, बिल्ला, हिशोब सगळं हातातून गेलं.

करार साधा ठेवा, पण कागदावर ठेवा. शेळीचा बिल्ला क्रमांक, फोटो, घेणाऱ्याचं नाव, दोन साक्षीदार, आणि ग्रामपंचायतीत किंवा पालक सभेत सगळ्यांसमोर वाचन. वाटणी कधी करायची तेही लिहा. आम्ही करडू सहा महिन्यांचं झाल्यावर करतो. आधी एक वाटा सांभाळणाऱ्यानं निवडायचा, पुढच्या वेळी शाळेनं. त्यामुळे कुरकुर राहत नाही. शेळी मेली तर काय, हेसुद्धा आधीच ठरलं पाहिजे. त्याच दिवशी पशुसखीला कळवायचं, फोटो काढायचा, बिल्ला असलेला कान जपायचा, डॉक्टरांचा दाखला घ्यायचा. कानात बिल्ला नसेल तर विम्याचा दावा मंजूर होत नाही. आणि आजारानं मेलेल्या शेळीची भरपाई गरीब बाईकडून मागायची नाही. ते नुकसान शाळेचं. हे पहिल्याच सभेत जाहीर केलं तर लोक खरं सांगतात. नाही तर ‘हरवली’, ‘लांडग्यानं नेली’ असं ऐकायला मिळतं आणि साथ आली आहे हे तुम्हाला कळतच नाही.

शेळी देताना घाई करू नका. ज्या बाईला द्यायची तिलाच खरेदीला न्या. आमच्याकडे एक आजी होत्या, त्यांनी बाजारात शेळीचे दात पाहिले, मग खाली बसून दोन्ही सड पिळून पाहिले, कास मागून चाचपली आणि म्हणाल्या, ‘हिचा एक सड आंधळा आहे, जुळी कशी पाजेल?’ व्यापारी गप्प झाला. ती शेळी आम्ही सोडली. दुसरी घेतली ती त्यांनी स्वतः निवडलेली होती, आणि स्वतः निवडलेल्या जनावराला माणूस जास्त जपतो.

जातीबद्दल थोडक्यात. उस्मानाबादीच घ्या. धाराशिव, लातूर, बीड, परभणी, सोलापूर हा तिचा मूळ प्रदेश, आपलं ऊन आणि आपला पाला तिच्या अंगवळणी पडलेला. बोअर, बीटल, सिरोही या बाहेरच्या जातींच्या मागे आत्ता लागू नका, त्यांना खुराक आणि देखरेख जास्त लागते आणि आजीच्या दारात ती चैन नाही. बोकड मात्र उत्तम घ्या, जुळ्यातला, भरल्या अंगाचा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र तुम्हाला अंबाजोगाईला जवळ आहे, तुळजापूर तालुक्यात तीर्थ इथेही आहे. तिथे चौकशी करा. एका वस्तीला एक बोकड ठेवा आणि दोन वर्षांनी वस्त्यांमध्ये अदलाबदल करा, नाही तर बाप-लेकीचा संकर होऊन करडं कमजोर निघतात.

खरेदी एकाच बाजारात एकाच दिवशी करू नका. नेकनूरच्या बाजारात माल भरपूर दिसतो, पण दहा गावांच्या शेळ्या एकत्र आल्या म्हणजे दहा गावांचे आजारही आले. शक्यतो माहितीच्या कळपातून, गावोगाव फिरून घ्या. आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा, जंतनाशक द्या, लस द्या, मगच घरोघर वाटा. शाळेच्या आवारात शेळ्या बांधायच्याच असतील तर त्या या तीन आठवड्यांपुरत्या, तेही मुलांच्या खोल्यांपासून लांब.

आजारांचं थोडं जास्त लिहितो, कारण शेळीपालन बुडतं ते इथे. सगळ्यात भीती पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची. ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, पातळ हगवण, आणि बघता बघता कळप आडवा. यावर लस आहे, तीन महिन्यांच्या वरच्या करडांना देता येते आणि एका टोचणीचं संरक्षण साधारण तीन वर्षं राहतं. दुसरा आंत्रविषार. पहिल्या पावसानंतर लुसलुशीत गवत आलं की अधाशी करडं पोटभर खातात आणि सकाळी मेलेली सापडतात. धडधाकट, गुबगुबीत करडं आधी जातात, म्हणून लोकांना वाटतं कुणीतरी विष घातलं. याची लस मे महिन्यात, पावसाआधी. पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. लाळ्या-खुरकूत आणि देवीचं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. १९६२ या क्रमांकावर फिरता दवाखानाही मागवता येतो. तो क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवा.

जंतांसाठी पशुसखीला एक गोष्ट शिकवा. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढायची आणि आतला रंग उजेडात पाहायचा. लालबुंद असेल तर ठीक. फिका गुलाबी असेल तर सावध. पांढरा कागदासारखा दिसला तर रक्त पिणारे जंत झालेत, त्याच दिवशी औषध. याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि चौथी शिकलेली बाई हे डॉक्टरांइतकं नीट करते. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी झालं पाहिजे. सरसकट सगळ्यांना दर महिन्याला औषध पाजू नका, जंत औषधाला दाद देईनासे होतात.

करडांची मर ही दुसरी मोठी गळती. करडू जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. ‘वार पडल्याशिवाय पाजायचं नाही’ असं अजून पुष्कळ घरांत मानतात. हे मोडायला लागेल, आणि ते भाषणानं मोडत नाही. ज्या घरात लगेच पाजलं तिथली करडं शेजारणीला दाखवा. नाळ बोटभर ठेवून कापायची, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. पहिले पंधरा दिवस रात्री कोरडी, वारा न लागणारी जागा, पालथी टोपली घातली तरी चालते. एवढ्यावर निम्मी मर थांबते असं मी माझ्या भागात पाहिलंय.

एक खास आपल्या भागातला धोका: कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना पाण्याविना कोवळे फुटवे येतात, ते खाल्ले की जनावर किराळ लागून, म्हणजे विषबाधा होऊन, तासाभरात जातं. ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक आहे, नव्या पोरांना नाही. आजी सोबत असण्याचा हाही एक फायदा.

पाण्याचा विचार तुम्ही प्रश्नात केलेला नाही, म्हणून मुद्दाम विचारतो. उन्हाळ्यात एका शेळीला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. ५० शेळ्या म्हणजे करडांसकट ४०० लिटर. ८० मुलांचं वसतिगृह, एक बोअर, आणि एप्रिल महिना. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तशी वेळ आली तर मुलांच्या पिण्याचं पाणी आणि शेळ्यांचं पाणी यांत तुम्हाला निवड करावी लागू नये. १५ घरांत दोन-दोन शेळ्या असल्या तर प्रत्येक घर आपापल्या हंड्यातून भागवतं. ५० शेळ्या एका जागी असल्या की टँकर लागतो.

दोन एकर जमीन मोकळी ठेवू नका. बांधानं शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा, पावसाच्या तोंडावर, रोपं करून. आत दशरथ घास थोडा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, जास्त झाला की केस गळतात. हा पाला शाळेच्या शेळ्या सांभाळणाऱ्या बायकांना कापून नेऊ द्या, कडक उन्हाळ्यात तोच आधार. बाभळीच्या वाळक्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून पोती भरून ठेवा, त्यात प्रथिनं चांगली असतात आणि शेळ्या आवडीनं खातात. तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट काढणीच्या वेळी स्वस्त मिळतं, तेव्हाच भरा. उन्हाळ्यात तेच दुप्पट पैसे देऊन आणावं लागतं.

कोंबड्यांचं उत्तर वेगळं आहे. त्या मात्र शाळेत ठेवा, पण ३०० नाही, ६०. आणि अंडी विकू नका, मुलांना द्या. सुधारित गावरान जातींची, म्हणजे वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया अशांपैकी एखादीची कोंबडी साधारण वर्षाला १५० अंडी देईल असं धरा. ६० कोंबड्यांची ९ हजार अंडी, म्हणजे दिवसाला सरासरी २५. ८० मुलांना आठवड्याला दोन अंडी द्यायला दिवसाला २३ लागतात. हिशोब जुळतो. कोंबडीला दिवसाला १०० ग्रॅम खाद्य लागतं, त्यातलं निम्मं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आणि धान्याच्या चाळणातून भागतं. विकत आणायच्या २५ अंड्यांचे पैसे वाचतात, बाजारात फिरावं लागत नाही, आणि मुलांच्या पोटात प्रथिनं जातात. ६० कोंबड्यांना स्वयंपाकीण मावशी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास देऊ शकतात, त्याचे वेगळे पैसे त्यांना नक्की द्या. ३०० कोंबड्या म्हटल्या की पुन्हा पगारी माणूस आणि अंड्यांचा व्यापार आला.

पिल्लं एक दिवसाची न आणता महिना-दीड महिन्याची, लस दिलेली आणा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पुढची लस आठव्या आठवड्यात चुकवू नका, ती चुकली तर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. रात्री पक्की जाळी हवी, मुंगूस बोटभर फटीतून आत शिरतं. कडकनाथचा आग्रह कुणी केला तर नको म्हणा, अंडी कमी देते. आणि माळकरी घरातली मुलं असतील तर पालकांना आधी विचारा, त्यांना त्याच वेळी केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्या. पंगतीत कुणी वेगळं पडू नये.

आता विक्री. शाळेला पैसा कधी लागतो? जूनमध्ये. वह्या, गणवेश, किराणा, छपराची डागडुजी, सगळं शाळा उघडताना. आणि बोकडाला भाव कधी येतो? बकरी ईदला आणि आखाडात. २०२५ साली ईद ७ जूनला होती, दर वर्षी ती १०-११ दिवस अलीकडे सरकते. म्हणजे पुढची काही वर्षं ईदचा पैसा शाळेच्या गरजेच्या थोडा आधी हातात येतो, हे चांगलंच आहे. आखाड तर दरवर्षी पावसाळ्यात असतोच. म्हणून या पैशाला जूनचा खर्च जोडा आणि त्याला नाव द्या: ‘वह्या-गणवेश’ किंवा ‘उन्हाळ्याचा टँकर’. वर्ष वाईट गेलं तर तो खर्च कमी करता येतो. पगाराचं तसं नसतं.

ईदसाठी बोकड वर्षाचा पूर्ण झालेला, निरोगी, बिनदोषाचा लागतो. शिंग मोडलेला, लंगडा, कान फाटलेला असेल तर गिऱ्हाईक पाहतही नाही. म्हणून बिल्ला मारणाऱ्याला सांगा, कानाच्या मध्यभागी, शिरा चुकवून मारायचा. कडेला मारलेला बिल्ला काटेरी झुडपात अडकून कान चिरतो. शेळीची गर्भावस्था पाच महिन्यांची. ईदच्या तारखेपासून मागे १७ महिने मोजा आणि बोकड कधी सोडायचा ते ठरवा, म्हणजे ईदपर्यंत नर वर्षाचे होतील. सगळेच नर वर्षभर ठेवू नका. निम्मे आठ-नऊ महिन्यांचे झाले की कंदुरी, जत्रा, आखाड यांना काढा, चाऱ्यावरचा ताण कमी होतो.

वजन करून विका. आपल्या बाजारात अजून रुमालाखाली बोटं धरून सौदे होतात, त्यात शिक्षक माणसाचा निभाव लागत नाही. एक टांगता काटा घ्या. करडाच्या छातीखालून आणि मांड्यांपुढून पट्टा घालून उचललं की दोन मिनिटांत वजन कळतं. ते वहीत लिहा, गावातल्या तीन-चार खाटकांना आणि व्यापाऱ्यांना फोनवर सांगा, आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणात बोलावून जागेवर सौदा करा. श्रावणात विकू नका, भाव पडलेला असतो.

मांसासाठी जनावर विकून शाळा चालवायची, हे काही पालकांना किंवा विश्वस्तांना रुचणार नाही. हा विषय शेळ्या आणल्यावर नाही, आणण्याआधी सभेत काढा. तीव्र विरोध असेल तर तेव्हाच दुसरा मार्ग शोधता येतो.

मुलांबद्दल माझं मत पक्कं आहे. ही मुलं फडातून वाचावीत म्हणून शाळेत आली आहेत. पहाटे उठून गोठा झाडायला, चारा कापायला, शेळ्या वळायला त्यांना लावलं तर आपण त्यांना दुसऱ्या कामावर नेलं. शिकण्यासाठी मात्र हे सोन्यासारखं साधन आहे. वजनांचा आलेख काढणं, अर्धलीची वाटणी करणं, अंड्यांची नोंद ठेवणं, पापणीचा रंग ओळखणं हे शाळेच्या वेळेत, शिक्षकांसोबत, आळीपाळीनं जरूर करा. गाभडलेल्या शेळीजवळ आणि पडलेल्या वारेजवळ मुलांना जाऊ देऊ नका. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही लागतो. मोठ्या माणसांनीही हातमोजे घालून खोल पुरावं, कुत्र्यांना टाकू नये. कच्चं दूध कुणालाच देऊ नका, उकळूनच.

आणि दुसरं, याहून नाजूक. शेळीचा आणि मुलाच्या प्रवेशाचा संबंध कधीही जोडू नका. अर्धलीत भांडण झालं, आजीनं करडू परस्पर विकलं, तरी वर्गात त्याचा उच्चार होता कामा नये. शेळ्यांचा व्यवहार मुख्याध्यापकांकडे न ठेवता तीन-चार पालक, पशुसखी आणि एक विश्वस्त यांच्या समितीकडे द्या. बाईंकडे मुलगा शिकतो आणि बाईंचंच करडू द्यायचं राहिलंय, अशी अडचण कोणत्याही आईवर येऊ नये.

कागदपत्रांचं दोन ओळींत सांगतो. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर शेळ्यांचं खातं आणि वही शाळेच्या हिशोबापासून वेगळी ठेवा, आणि हे उत्पन्न न्यासाच्या उद्देशाला पूरक कसं दाखवायचं ते सुरुवातीलाच तुमच्या सीएला विचारा. १० शेळ्या आणि १ बोकड या अनुदानाच्या शासकीय योजना वैयक्तिक लाभार्थ्यांसाठी असतात, संस्थेला त्या मिळत नाहीत. पण तुमच्या १५ घरांपैकी ज्या बायका पात्र आहेत त्यांचे अर्ज भरून द्यायला शाळेनं मदत जरूर करावी. स्वतःची शेळी आली म्हणजे तिला अर्धलीची गरज उरणार नाही, तेव्हा शाळेची शेळी पुढच्या घरी जाईल.

सुरुवात दिवाळीनंतर करा. पाऊस संपलेला असतो, जंत आणि चिखलाचा जोर ओसरलेला असतो, तुरीचा पाला आणि भुसकट यायला लागतं, आणि कोणत्या घरात कोण मागे राहिलंय हेही तेव्हा कळतं. पहिल्या वेळी पाच घरांत दहाच शेळ्या द्या. एक पावसाळा त्यांच्यासोबत काढा, पशुसखी तयार होऊ द्या, मग उरलेल्या वीस. दात्याला सांगा की पैसा दोन टप्प्यांत लागेल.

नक्की आकडे मांडून द्यायला मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, ८० मुलांपैकी किती जणांचे आजी-आजोबा हंगामात गावात राहतात आणि त्यांच्या वस्तीजवळ गायरान किंवा पडीक रान किती आहे. दोन, तुमचा बोअर एप्रिल-मे मध्ये किती वेळ चालतो. एवढं इथे कळवलंत तर घरांची निवड, शेळ्यांची संख्या आणि लसींचं महिनावार वेळापत्रक याच ठिकाणी लिहून देतो.